इतर हक्क

सॅगिनॉ, मिशिगन. फेब्रुवारी. नगरसभेचा हॉल.
रेडिएटर मध्येच खोकतो आणि गप्प होतो.
विषय क्रमांक सहा: नदीकाठच्या बास्केटबॉल कोर्टला
लॅव्हेल प्रुइटचं नाव द्यावं की देऊ नये.
मी इतिवृत्त लिहिते. मत देत नाही.

आधी पाद्री उठले. म्हणाले, आमच्या चर्चचा बॉयलर
त्याने बदलून दिला, पाटीसुद्धा लावू दिली नाही.
मागून कुणीतरी: आणि सातव्या सामन्यात
चार मिनिटं उरलेली असताना जर्सी काढून
चालता झाला, तेव्हा कुठे होता तुमचा बॉयलर?
हशा. (हशा लिहायचा नसतो.)

मग आकडे आले,
लग्नात न बोलावलेल्या मावसभावांसारखे,
थेट पहिल्या पंगतीला.
सरासरी एकतीस. एका रात्री एकसष्ट,
त्या रात्री पास एकच,
तोही, म्हणे, हातातून निसटलेला.

कर्टिस बेनफील्ड काठी टेकत उभा राहिला.
पाच वर्षं त्याच्या संघातला.
"मी मोकळा होतो," एवढंच म्हणाला.
बसला. परत उठला.
"सगळा वेळ मोकळा होतो."

योलांडा म्हणाली, मुलीचे पैसे त्याने कधी चुकवले नाहीत,
वाढदिवस सगळे चुकवले.
एक बारा वर्षांचा पोरगा, टोपी हातात:
"मी व्हिडिओ बघितलाय. सगळ्यांना माहीत होतं
तो डावीकडे जाणार.
आणि तो डावीकडेच गेला."

शेवटी शाळेचा जुना शिपाई, ऑर्व्हिल टिल्मन.
दहाला मी जिमचे दिवे घालवायचो, तो थांबायचा नाही.
अंधारात जाळी वाजली की आकडा,
नाही वाजली की शिवी.
मी चेंडू परत फेकायचो. चार हिवाळे.
माझं नाव त्याला माहीत नव्हतं, "ए" म्हणायचा.
म्हणजे तुम्ही बाजूने की विरोधात, अध्यक्षांनी विचारलं.
टिल्मन बराच वेळ छताकडे बघत राहिले.
"दिवे ठेवायला हवे होते का,
तेच अजून ठरवतोय."

लेगसी, लेगसी. संध्याकाळभर हा शब्द
हॉलमध्ये टप्पे खात होता.
मी समासात मराठीत लिहून पाहिला: वारसा.
आमचे अप्पा आटपाडीला तलाठी होते.
म्हणायचे, माणूस हयात आहे तोवर वारस लागत नाही,
घाई झालेले लोक नुसता चहा पिऊन जातात.
आणि लॅव्हेल प्रुइट तर हयात आहे,
टक्सनला, पन्नाशी उलटलेला.
आमच्या पत्राला त्याचं उत्तर नाही.

अप्पांच्या सातबाऱ्यावर मालकाच्या नावाजवळ
एक रकाना असायचा: इतर हक्क.
कुणाची पायवाट, विहिरीत कुणाचा चौथा हिस्सा,
कुणा बहिणीची पोटगी, सोसायटीचा बोजा.
जमीन एकाच्या नावावर,
पण तो रकाना मी कधी कोरा पाहिला नाही.

पाटी लावायचीच तर तेवढी जागा सोडा,
असं मला म्हणायचं होतं.
लिहा: बेनफील्ड, मोकळा, पाच वर्षं.
टिल्मन, परत दिलेले चेंडू, मोजदाद नाही.
एका मुलीचे सतरा वाढदिवस.
एक बॉयलर, चालू स्थितीत.

चार विरुद्ध चार. अध्यक्षांनी डोळे चोळले.
मी लिहिलं: सविस्तर चर्चा झाली. विषय तहकूब.

पार्किंगमध्ये काचेवरचा बर्फ खरवडत होते,
तर तो टोपीवाला पोरगा समोर,
चेंडू नव्हताच त्याच्याकडे.
उजवा खांदा पाडला त्याने,
आणि डावीकडे गेला.
परत. परत.

मी गाडीत बसले, दिवे लावले.
काच तशी केव्हाच साफ झाली होती.