झाकण

आपियाओ आणि आचाओ या दोन बेटांच्या बरोबर मधे
इंजिनाने एक उचकी दिली
आणि गप्प.
लाटांचा आवाज एकदम जवळ आला,
पाहुणे गेल्यावर घड्याळाचा येतो तसा.

नावेत सात माणसं, एक मेंढी,
बटाट्यांची अकरा पोती
आणि गालाला रुमाल बांधलेली सेन्योरा उबाल्दिना,
जिला दात काढायला दुपारच्या आत पोचायचं होतं.
"थांबलो का गं, एर्मेलिंदा?"
"थांबलो कुठे," मी म्हटलं, "ओहोटी नेतेय."

फळी उचलली.
खाली ते दोन सिलिंडरचं धूड,
तेलकट, गरम, निरागस चेहऱ्याचं.
वडिलांनी शिकवलेला क्रम हातांना पाठ आहे:
आधी इंधन, मग हवा, शिव्या सगळ्यात शेवटी,
कारण त्या एकदा सुरू झाल्या की डोकं बंद पडतं.

टाकीची काचनळी निम्म्याच्या वर.
कॉक उघडा.
फिल्टरच्या तळाशी वाटाण्याएवढं पाणी,
ते ओतलं, पुसलं, बसवलं.
स्टार्टर खणखणीत फिरतो,
म्हणजे बॅटरीवर आळ नको.
दहाच्या पान्याने पंपावरचा स्क्रू सैल केला
आणि अंगठ्याने लिव्हर दाबत बसले.
आधी बुडबुडे यायला हवेत, मग सलग धार.
आला एक थेंब.
काठावर थांबला, थरथरला,
आणि परत आत गेला.

तीस वर्षं इंजिनं उघडतेय मी.
थेंब माघारी जाताना पाहिला नव्हता.

एरवी अशा वेळी शेजारी रोसामेल असायचा,
पाना मागायच्या आधी हातात ठेवणारा.
चार वर्षं झाली, माझा भाऊ माझ्याशी बोलत नाही,
मी त्याच्याशी नाही.
कुंपणाचे नऊ खांब. तेवढंच. सांगायलाही लाज वाटते.

गेल्या मंगळवारी मात्र किनाऱ्यावर आले
तर नाव पिवळी झालेली,
अंड्याच्या बलकासारखी, आतून बाहेरून.
कोणी रंगवली ते विचारायचं कारण नव्हतं.
एवढा जाड ब्रश अख्ख्या बेटावर एकच माणूस मारतो.
तो सांगायला आला नाही.
मी आभार मानायला गेले नाही.

आणि आता, ओहोटी आम्हाला खडकांकडे सरकवत असताना,
मला टाकीचं झाकण दिसलं.
तेही पिवळं.
झाकणाला एक भोक असतं, टाचणीच्या टोकाएवढं.
खालून जितकं डिझेल जाईल
तितकी हवा वरून आत यावी म्हणून.
ते भोक कुठेच दिसेना.

झाकण फिरवलं.
टाकीने श्वास घेतला,
लांब, खोल,
बुडी मारून वर आलेल्या माणसासारखा.
मेंढीने कान टवकारले. कोणीतरी क्रूस काढला.

"केसातला आकडा द्या, सेन्योरा."
रंगाची खपली निघायला वेळ लागला.
दोन हात दिले होते पठ्ठ्याने, कदाचित तीन.
मग लिव्हर, बुडबुडे, आणखी बुडबुडे,
आणि शेवटी बोटांवरून ओघळणारी सलग धार.
स्क्रू आवळला.
तिसऱ्या फिरकीला पांढरा धूर,
मग तो धडधडता, ओबडधोबड, लाडका आवाज.
उबाल्दिना म्हणाली, दुखणं थोडं कमी वाटतंय.
आकडा घेऊन तिने हुंगला आणि परत मला दिला.

संध्याकाळी परतले तेव्हा
रोसामेल आपल्या जाळ्यापाशी, पाठ करून.
नाव वाळूला लागायच्या आत मी ओरडले,
"झाकण रंगवायचं नसतं, गाढवा!"

बराच वेळ तो जाळ्यात काहीतरी शोधत राहिला.
"कुठलं झाकण?"
"टाकीचं."
"भोक बुजलं?"
"बुजलं."
"खाडीच्या मधे?"
"बरोबर मधे."

मग तो गुडघाभर पाण्यात आला
आणि माझ्याकडे न बघता
दोरासाठी हात पुढे केला.
नखांत अजून पिवळं होतं.