हाताला काम नाही

सकाळी सहाला, तरणतलाव उघडायच्या आत
मी तळाशी पणत्या मांडतो,
गेल्या दिवाळीच्या उरलेल्या,
एकीवर एक, डगमगत्या.
हे प्रवाळ समजा, म्हणतो.
वीतभर वरून जायचं,
श्वास घेऊन उठायचं, सोडून बसायचं.
हाताला काम नाही.

वाघचौरे मॅडमच्या फिनचा नुसता झोत लागला
आणि सात पणत्या आडव्या.
"पण मी शिवलेसुद्धा नाही!"
नाही शिवलात. तेच सांगतोय.

मलाही उशिराच कळलं.
नऊ वर्षांचा असताना रामकुंडात बुड्या मारायचो,
दोरीला लोहचुंबक, गालात नाणी.
तळाचं जे हाती लागेल ते आपलं,
गोदामाई कधी नको म्हणाली नाही.

पुढे अंदमानात पहिल्यांदा खोल उतरलो
तेव्हाही हात आपोआप गेला.
बोटांसारख्या फांद्या, त्यातली एक
कट्‌.
पाण्याखाली आवाज फार जवळून येतो.
शिकवणारा फ्रान्सिस ओरडला नाही.
होडीत बसल्यावर स्वतःच्या करंगळीचं
एक पेर दाखवलं : वर्षाला एवढं.
मी मोडलं ते सहा पेरं होतं.

शनिवारी ही बॅच तारकर्लीला निघेल.
ढवळेच्या पोराला मी पुन्हा विचारलं,
खाली शंख दिसला तर?
"बघायचा."
आणि?
"बघायचाच."

सगळे गेल्यावर मी एकटा उतरतो,
फुटक्या पणत्यांचे तुकडे वेचायला.
तळाचं उचलायची सवय
अजून बोटांत आहे.
तिला इथं, आठ फुटांवर,
निळ्या फरशीवर
मोकळं सोडतो.