सातव्या ओळीचा चहा

चहाला सावली लागते,
हे मी कंपनीच्या पोराला पहिल्याच दिवशी सांगितलं.
खुडणीच्या वीस दिवस आधी
झुडपांवरचा उजेड काढून घ्यायचा,
म्हणजे पान बावरतं, गडद होतं,
कडूपणा विसरतं.
सासरे हे बोरूच्या चटयांनी करायचे,
सादाकिची काळ्या जाळीनं.
आता ही निळी पॅनेलं,
लोखंडी खांबांवर, माझ्या दीडपट उंच.

पोराचं नाव निशिगाकी.
शिझुओकाहून आला, पायात शहरी बूट.
म्हणाला, आजी, तुम्ही जो उजेड टाकून देता
तोच आम्ही नेतो.

टाकून देता!
साठ वर्षं या उतारावर काढली,
कुणी म्हटलं नव्हतं
की आपण काही टाकून देतोय.

जूनच्या झडीत
पॅनेलांच्या कडेवरून पाणी एकाच रेघेत पडायचं,
मुळं उघडी पडली.
ओढ्यातले गोटे आणून मी त्या रेघेवर मांडले.
निशिगाकीनं फोटो काढला,
अहवालात लिहिलं: उपाययोजना.
गोटे होते ते.

मे महिन्यात शेती समितीचा माणूस येतो, काटा घेऊन.
ओकुमुरांच्या मळ्यात किती, माझ्यात किती.
त्यांच्या शंभरामागे माझे ऐंशी भरले नाहीत
तर खांब उपटायचे, असा नियम.
काटा थांबेपर्यंत तो श्वास रोखून धरतो.
मी नाही. टोपली उचलतानाच
हाताला कळलेलं असतं.

लेक नागोयाला. रात्री फोन करते.
मी विचारते, भात शिजला का नीट?
ती हसते,
आई, वीज अशी ओळखता येत नाही,
सगळी एकात मिसळते.
बरं, म्हणते मी.
तरी विचारतेच.

मागच्या सप्टेंबरात वादळ आलं
आणि सातव्या ओळीवरचं एक पॅनेल
ओकुमुरांच्या भातखाचरात जाऊन पडलं, उताणं,
ढग दाखवत.
कंपनी म्हणाली, एप्रिलपर्यंत नवं बसवू.
एप्रिल गेला.
चटईएवढ्या त्या तुकड्यात
ऊन सरळ खाली उतरलं.
तिथली पानं जाड, पिवळसर, उद्धट.

ती काट्यावर नेली नाहीत.
वेगळी खुडली, कढईत परतली,
तळहातांनी मळली.
कडू.
सादाकिचीला असाच लागायचा,
जाळीबाहेर राहिलेल्या कडेच्या झुडपांचा.
गोड सगळा बाजारात जायचा.

जूनमध्ये निशिगाकी आला, नवं पॅनेल घेऊन,
शिडी लावली.
म्हटलं, आधी चहा घे.
घेतला. तोंड वाकडं केलं.
बराच वेळ सातव्या ओळीकडे बघत राहिला,
मग पेला पुन्हा पुढे केला.

पॅनेल अजून शेडमध्येच आहे,
बोरूच्या गुंडाळ्यांना टेकून.
कागदावर त्यानं काय लिहिलं
मी विचारलं नाही.