खडूचा नंबर

दहा-दहा घरांचे गट, आणि गल्लीचा स्वतःचा शिपाई,
करिओबांगीत असं ठरलं म्हणे.
आमच्या वाट्याला वान्योनी आला.
गाडी नाही, दांडकं नाही, बुटांना लाल माती.
कोळशाच्या पोत्यावर बसला,
माझ्या टपरीच्या दारावर खडूनं नंबर लिहिला.

मी चहा विचारला नाही.
माझ्या ओटिएनोचं मनगट अजून वाकडं आहे.
ते मोडलं तेव्हाही गणवेश हाच होता,
आतला माणूस तेवढा वेगळा.

तरी रोज यायचा.
गटाराचं झाकण कुणी नेलं, विचारायचा.
अकिन्यीच्या बकरीचं नावसुद्धा त्याला पाठ.
मी मान वर न करता कोळसा मापायचे.

मग शनिवारी रात्री
गॅसची टाकी उचलताना एक पोर सापडलं.
पंधराचं असेल.
गल्ली धावली. कुणी टायर आणला,
कुणी रॉकेलची बाटली.
बाटली माझ्या टपरीतली. पैसे मोजून घेतले होते मी.

खडू पुसट झालेला,
शेवटचा आकडा तीन की आठ?
दोन्ही लावले.

तो धावत आला, पायात सपाता,
शर्टाची बटणं वरखाली.
पोराच्या पुढ्यात उभा राहिला
आणि शिट्टी न वाजवता
एकेकाला नावानं हाक मारत गेला:
ओमोंडी. किप्रोनो. मामा न्यांबुरा.
ओमोंडीच्या हातातली काडी
बोटापर्यंत जळत आली, विझली.

सकाळी वान्योनी आला, पोत्यावर बसला.
चहा मी अजूनही दिला नाही.
फक्त तो गेल्यावर खडू ओला केला,
आकडा गिरवला.
आठ होता.