खर्ज

फ्राउ वुटे आल्या तेव्हा शोरूममध्ये मी एकटाच,
आणि काचेपलीकडे नोव्हेंबरातली द्राउ नदी, शिशाच्या रंगाची.
वय एकाहत्तर. हातात चामड्याची पिशवी, जुने डॉक्टर नेत तशी.
दोन्ही कानांत यंत्रं.
चव्वेचाळीस वर्षं पियानो जुळवले, म्हणाल्या,
फिलाखपासून खिंडीपलीकडच्या गावांपर्यंत.
आता वरच्या दीड सप्तकाचा पत्ता लागत नाही,
म्हणून दुकान विकलं.
पैसे आहेत. गाडी दाखवा.

मी पाठ असलेलं सगळं म्हणून टाकलं.
चार सिलिंडर, टर्बो : हलकं, चपळ,
दोन हजार फेऱ्यांवरच पुरा जोर, पेट्रोलही बेताचं,
दहातले आठजण हेच नेतात.
सहा सिलिंडर, टर्बोशिवाय : एकोणीस हजार युरो जास्त,
आणि जोर हवा तर धीर धरून चढावं लागतं,
थेट सात हजारांपर्यंत.
मग छपराचं.
बंद कूपे : सांगाडा ताठ, वळणावर अंग चोरत नाही,
मागच्या काचेखाली तुमच्या पिशवीला ऐसपैस जागा.
उघडी रोडस्टर : कापडी टप, बारा सेकंदांत गुंडाळला जातो,
"पण वारा," मी जपून म्हणालो,
"तुमच्या यंत्रांत शिट्ट्या घालेल."

आकड्यांचा कागद त्यांनी पालथा ठेवला.
"दोन्ही इंजिनं चालू करा. आणि गाड्या वर उचला."

एगिड पुटपुटला, मेकॅनिक पुटपुटतात तसा,
पण उचलल्या.
त्यांनी कानांतली यंत्रं काढून माझ्या हातावर ठेवली,
कोमट, दोन शेंगदाण्यांएवढी.
पिशवीतून तारा पिळायची किल्ली काढली, लाकडी मुठीची,
मूठ बोटांच्या घामाने काळी पडलेली.
टोक इंजिनाच्या पोटाला,
मूठ कानामागच्या हाडाला.

चारच्या खाली त्या अर्धा मिनिट उभ्या राहिल्या.
"गातो बरा," म्हणाल्या, जरा मोठ्यानेच,
"पण फुंकणारा दुसराच कुणीतरी आहे."

सहाच्या खाली काहीच म्हणाल्या नाहीत.
एगिडने हात पुसणं थांबवलं.
हनुवटीखालची सैल कातडी थरथरत होती,
ती इंजिनामुळे की कशामुळे, मी पाहिलं नाही,
म्हणजे पाहिलं,
आणि लिफ्टच्या बटणांवरची धूळ झटकत बसलो.
मग त्यांनी एक बोट वर केलं,
शिकवणीत मुलाला थांबवतात तसं,
आणि एगिडने, कोणी न सांगता, फेऱ्या वाढवल्या.
तीन हजार. साडेचार.
"खाली एक खर्ज आहे," त्या म्हणाल्या,
"बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे.
हा लागेल मला. हा शेवटी जाईल."

मी म्हटलं, तर मग कूपेच घ्या,
आवाज आत कोंडून राहतो.
ओठ वाचून त्यांनी मान हलवली.
"बंद खोलीत, मुला,
मला माझं न ऐकणंच ऐकू येतं.
वाऱ्यात सगळेच बहिरे.
शेजारच्या सीटवरचाही."

शेजारच्या सीटवर कोण असेल, मी विचारलं नाही.
फॉर्मवर त्या खाना होता खरा :
'दुसरा चालक'. त्यांनी त्यावर आडवी रेघ मारली,
मग रेघेवर एक छोटा प्रश्न काढला.

सही केली, यंत्रं घातली,
एगिडशी हात मिळवला, त्याचा काळा पंजा न पुसता,
आणि पायीच निघाल्या पुलाकडे.

एकोणीस वर्षं मी गाड्या विकतोय.
शून्य ते शंभर, अमुक सेकंद.
संध्याकाळी दिवे मालवल्यावर
एगिडचा लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, कानामागे टेकवला,
आणि कॉफीच्या यंत्राला लावला.
पाण्याखेरीज काही नव्हतं.
पाणी मात्र होतं, पुष्कळ.

मग फॉर्म पाहिला.
रंगाचा चौकोन कोरा.
फोन केला. वाजत राहिला.
आठ वेळा.
नवव्यांदा लावताना लक्षात आलं
आणि तरी मी तो वाजू दिला,
त्या घरात, जुळवलेल्या पियानोंच्या मध्ये कुठेतरी,
एखादी तार तरी हलेल म्हणून.