रिकाम्याचं वजन

कसबा बावड्याच्या रस्त्याला आमचा वजनकाटा.
कारखान्याचा नव्हे, खासगी.
लोक आधी इथं येतात, मग कारखान्यावर जातात,
कारण ज्याला ऊस घ्यायचाय
त्याच्याच हातात तराजू असला की काय होतं
हे शिरोळपासून कागलपर्यंत पोरासोरांना ठाऊक आहे.

मी पावत्या फाडते. केरबाआण्णा चौगले फाटक सांभाळतात.
निवृत्त हवालदार. डाव्या कानानं ऐकू येत नाही,
म्हणून ट्रॅक्टरवरचा टेप त्यांना अर्धाच त्रास देतो.

त्या रात्री टेप बंद होता.
अकरा ट्रॉल्या रांगेत, आणि सगळ्या मोबाईलवर एकच बातमी.
वडणग्याची पोरं मोळ्यांवर चढून आरोळ्या देत होती.
कुणीतरी लग्नातून उरलेली फटाक्यांची माळ लावली.
"आता सोडायचं न्हाई. गावंच्या गावं उठवायची.
आण्णा, तुम्ही सांगा की. तुम्ही तिकडं होता."

आण्णा आधी चाकं बघत राहिले,
सगळी काट्यावर आलीत का.
मग म्हणाले, "कुणी मोजलं?"
"काय?"
"हेच. एवढ्याला एवढं. कुणाच्या काट्यावर?"
"टीव्हीवाल्यांच्या," एक जण हसला.
"म्हणजे ज्याला विकायचंय त्याच्याच."

चहा आला. आणि चार हंगामांत
मला कधी न सांगितलेलं त्यांनी सांगितलं.

एक घर होतं. उतारावर, पत्र्याचं.
आत तिघं, हत्यारांसकट, अशी खबर.
मॉर्टर लावून तयार, फक्त हुकूम यायचा.
पहाटे धुराड्यातून धूर निघाला.
वारा आमच्या बाजूला होता, म्हणाले,
ओल्या लाकडाचा वास आला.
त्यांनी वायरलेसवर विचारलं,
साहेब, आत कुणीतरी भाकरी करतंय.
पलीकडून बराच वेळ नुसती खरखर.
मग: थांबा.

उजाडल्यावर दारातून आधी एक शेळी आली,
मग बाई, मग दोन पोरं.
तिघं रात्रीतच मागच्या ओढ्यानं निघून गेले होते.

"म्हणजे वाचवलंसा की!"
आण्णांनी बशीतला चहा संपवला.
"पाचव्या दिवशी त्यातल्याच एकानं
नागोजी गावड्याला मारलं. चंदगडचा.
माझ्या शेजारच्या पथारीवर झोपायचा.
त्याच्या आईला दर संक्रांतीला भेटून येतो.
धुराचं तिला सांगितलेलं न्हाई."

कुणी बोललं नाही. वाऱ्यानं ट्रॉलीवरचं वाडं हललं
की शेवटचा लाल आकडा ठरत नाही.
वीस, तीस, वीस.
आकडा ठरल्याशिवाय मी पावती देत नाही.
"माझा अजून ठरला न्हाई," ते म्हणाले.
"पण परत धूर दिसला तर परत इचारीन.
आणि त्या घरातनं गोळी आली असती
तर पहिली गोळी मीच झाडली असती. दोन्ही खरं हाय."

ट्रॉली पुढं सरकली तेव्हा सुयोग,
भरतीसाठी रोज पहाटे पळतो तो,
एकटाच काट्यावर जाऊन उभा राहिला.
"माझं किती भरतंय बघ गं."
साठ. मग सत्तर. परत साठ.
आमच्या काट्याला दहाच्या खालचं दिसत नाही,
मधले पाच किलो कुठंच नव्हते.
"उतर," आण्णा म्हणाले.
"टनाच्या काट्यावर माणूस मोजायचा नसतो."

"मग जाऊ नको म्हणता?"
"जा की. कुणीतरी जायलाच पायजे.
फकस्त खरखर ऐकू आली तरी
इचारायचं ते इचार."

मी त्याच्या बापाला पावती दिली,
आणि दिवसातून शंभरदा म्हणते तेच म्हटलं,
"भरल्याचं झालं. रिकाम्याचं वजन करायला परत या,
त्याशिवाय हिशोब लागत नाही."

आण्णा फाटक उचलत होते.
माझी खिडकी त्यांच्या उजव्या कानाकडं येते.