नववं पाऊल

दत्तनगरातल्या आमच्या शेडमध्ये चार माग होते
आणि मधे, दारापासून खिडकीपर्यंत,
एक मोकळी पट्टी, चादरीच्या पन्ह्याएवढी.
माग बंद असले की तिथे कराटे.

शिकवायला राजेशम गुंडेटी. धंद्याने जॉबर.
खडकीला कँटीनमध्ये असताना कुणाकडून तरी शिकून आलेला.
नखांत वंगण, पट्ट्याची काळी कड विटून करडी.
इची, नी, सान, असं हेल काढून मोजायचा,
कुंभारीहून येणाऱ्या शिवलिंगला
ते बरेच दिवस तेलुगूच वाटलं.

दोन वर्षं एकच काता.
एकवीस हालचाली. समोर कुणी नाही.
पोरं कंटाळली, म्हणाली, सर, मारामारी कधी?
तो म्हणाला, चालूच आहे की.
जे अजून आले नाहीत त्यांच्याशी.

मला कळलं नाही.
मग त्याने माझ्या बापाकडे बोट केलं.
धागा तुटला की हा काय करतो?
गाठ मारतो.
बघून मारतो?
नाही. आम्हाला ठाऊक होतं,
झोपेतसुद्धा त्याची बोटं पांघरुणावर गाठी मारत असतात.
बस, म्हणाला. पुन्हा. इची.

सातवं, आठवं, नववं.
तीन पावलं पुढे, हात कपाळावर वर,
नवव्याला पोटातून ओरडायचं.
पण नवव्याला समोर खिडकीकडचा माग होता.
म्हणून नववं पाऊल आखूड. एक वीत कमी.
परतताना पावलं पुरी पडायची,
त्यामुळे शेवट कधी सुरुवातीच्या जागी झाला नाही.
एक वीत मागे, टाच उंबऱ्याला.
आम्हाला वाटायचं, काता असाच असतो,
उंबरा लागला की संपतो.

त्या न आलेल्यांपैकी एकच आला आजवर.
माणूस नव्हता, धोटा होता.
तिसऱ्या मागातून सुटला, दुपारी, लाइट फडफडत असताना.
मी कांड्या भरत बसले होते.
हात आधी वर गेला, भीती नंतर आली,
बरीच नंतर, बापाने टॉवेल गुंडाळल्यावर.
हाड तडकलं. डोळा राहिला.
गुंडेटी सर बघायला आले, आईने कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढली,
ते जेवले आणि एवढंच म्हणाले,
कोपर बाहेर गेलं होतं तुझं.

पुण्याच्या परीक्षेत मोठा हॉल, लाकडी जमीन.
पद्मजा वडनाल, असं पुकारलं.
एवढ्या मोकळ्या जागेत मला कसंसंच झालं.
परीक्षक म्हणाले, नववं पाऊल का चोरलंस?
माझ्या तोंडून निघून गेलं, तिथे माग आहे.
लोक हसले. तेही हसले, पण वाईट नाही.
म्हणाले, घोटून घोटून बसलेली चूक.
काढायला आठ-दहा वर्षं.

सर गेले. बाप आहे, त्याला ऐकू येत नाही.
माग किलोवर गेले, भंगारवाल्याने चौथ्याचं लोखंड
वजनकाट्यावर ठेवलं तेव्हा मी दुसरीकडे बघत होते.
शेड आता कुणाचं तरी गोडाऊन.

मी शाळेच्या पटांगणात शिकवते, सकाळी सहाला,
ऊन चढायच्या आत.
चुन्याने रेघ मारली आहे. पाऊल पुरं टाका, सांगते,
जिथून निघालात तिथेच परत या.
माझं मात्र अजून मोडलेलं नाही.
नवव्याला समोर तेलाचा वास येतो
आणि गुडघा स्वतःच आवरतो.

परवा आफरीन एकटीच करत होती, कडेला, मोजत.
सात. आठ. नऊ.
पाऊल आखूड पडलं.
तिने कधी मागही बघितलेला नाही.
ती वळली, परतली, थांबली, रेघेच्या एक वीत मागे,
आणि टाचेने जमीन चाचपली.

सांगायला हवं होतं.
मी म्हणाले, कोपर बाहेर जातंय. पुन्हा.